भीती वाटत असताना देवावर भरवसा कसा ठेवावा: नव्या विश्वासणाऱ्यांसाठी काही पायऱ्या

प्रभू येशूवर विश्वास ठेवून थोडेच दिवस झालेले असतात. बाप्तिस्मा झालेला असतो किंवा व्हायचा असतो. आणि तेवढ्यात काहीतरी असे समोर येते की सगळा धीर खचतो. दवाखान्यातला रिपोर्ट यायचा असतो, नोकरी टिकेल की जाईल ते कळत नसते, नाहीतर घरातल्या माणसांनी अबोला धरलेला असतो. रात्री झोप लागत नाही. त्या भीतीच्या जोडीला मग आणखी एक भीती येऊन बसते: माझा खरोखर विश्वास असता तर मला एवढी भीती वाटली असती का?

नव्या विश्वासणाऱ्यांबरोबर बसून बोलताना हा प्रश्न मी सतत ऐकत आले आहे. माझ्या मते पहिल्या भीतीपेक्षा ही दुसरी जास्त नुकसान करते, कारण ती माणसाला प्रार्थनेपासूनच लांब नेते. आधी मन शांत करू, मग देवासमोर जाऊ, असे वाटायला लागते आणि ते शांत मन काही केल्या येत नाही. म्हणून आधीच स्पष्ट सांगते: भरवसा ठेवायला भीती संपण्याची वाट पाहावी लागत नाही. भीती वाटते आहे त्याच क्षणी ती उचलून देवाकडे नेणे, यालाच पवित्र शास्त्र भरवसा म्हणते. स्तोत्रसंहिता या पवित्र शास्त्रातल्या गीत-प्रार्थनांच्या पुस्तकात, स्तोत्र 56 मध्ये, राजा दावीद आधी म्हणतो की भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. 'मी भिणार नाही' हे शब्द त्याच्या तोंडी त्यानंतर येतात.

"भिऊ नको" हे वचन शास्त्रात पुष्कळदा येते. ते वर्षाच्या दिवसांइतके, बरोबर 365 वेळा आहे असे अनेक ठिकाणी ऐकायला मिळते, पण मोजायला बसले तर ती संख्या भरत नाही आणि ती भरायची काही गरजही नाही. हे शब्द कोणाला सांगितले गेले ते पाहणे जास्त उपयोगाचे आहे. अब्राहामाला, मोशेनंतर लोकांना पुढे न्यायचे होते त्या यहोशवाला, देवदूत समोर उभा राहिल्यावर गोंधळलेल्या मरीयेला, करिंथ नगरात विरोध सोसणाऱ्या प्रेषित पौलाला. यातल्या कोणालाही देवाने 'तू भ्यालास म्हणून मी निघालो' असे म्हटलेले नाही. पुष्कळदा "भिऊ नको" च्या मागोमाग तो "मी तुझ्याबरोबर आहे" असे म्हणतो.

पहिली पायरी: नक्की कशाची भीती वाटते ते लिहून काढा

"मला खूप टेन्शन आहे" एवढे पुरत नाही. एक कागद घ्या आणि त्यावर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा. खरोखर काय घडले आहे? पुढे काय घडेल असे मला वाटते? आणि यातले माझ्या हातात काय आहे? बहुतेकांच्या कागदावर मधला भाग सगळ्यात मोठा होतो. तो खोटा असतो असे नाही, पण तो अजून घडलेला नसतो, आणि घडलेल्या गोष्टीइतकेच वजन आपण त्याला देऊन बसलेलो असतो.

दावीदाची भीतीही अशी नेमकी होती. जिवावर उठलेल्या शौल राजापासून पळून तो पलिष्ट्यांच्या गथ नगरात, आखीश राजाकडे गेला आणि तिथल्या लोकांनी त्याला ओळखले. तो फार घाबरला, असे 1 शमुवेल 21 मध्ये सरळ लिहिले आहे. त्याने वेड्याचे सोंग घेतले आणि तिथून निसटला. स्तोत्र 56 च्या मथळ्यात याच प्रसंगाचा उल्लेख आहे. माणसाची भीती, तिच्यातून सुटायला त्याने केलेली धडपड आणि देवावरचा भरवसा या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या एकाच प्रसंगात सापडतात. आपल्याला हे अवघड वाटते, शास्त्राला वाटत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण ती उशिरा कळली तर फार महाग पडते. सगळीच भीती घालवायची नसते. घरात कोणी मारहाण करत असेल, कोणी जिवावर उठले असेल, तर ती भीती धोक्याची खूण आहे. तिथून निघून सुरक्षित ठिकाणी जाणे म्हणजे अविश्वास नव्हे. योसेफ बाळ येशूला घेऊन रातोरात मिसरात गेला. दिमिष्कात पौलाला शिष्यांनी पाटीत बसवून तटावरून खाली सोडले. स्वतः प्रभू येशूही आपली वेळ आली नव्हती तेव्हा जिवावर उठलेल्यांपासून दूर राहिला. 'सहन कर आणि भरवसा ठेव' असा सल्ला अशा वेळी कोणी दिला, तर तो ऐकू नका.

दुसरी पायरी: देवाशी खरे बोला

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगते. नवीन माणूस मंडळीत येतो, थोरांच्या प्रार्थना ऐकतो, आणि प्रार्थना म्हणजे सुंदर शब्दांत उपकारस्तुती असा त्याचा समज होतो. उपकारस्तुती हवीच. पण 150 स्तोत्रांपैकी पुष्कळ स्तोत्रे तक्रारीची, रडण्याची, देवाला जाब विचारण्याची आहेत, आणि ती शास्त्रातच ठेवली आहेत. देवाला हे बोलणे नकोसे असते, तर त्याने आपल्या लोकांच्या प्रार्थनेत ते राहू दिले नसते.

स्तोत्र 13 पासून सुरुवात करा. अवघी सहा वचने आहेत. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो: कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार, कोठवर मी मनात झुरत राहू, कोठवर माझा शत्रू वरचढ राहणार. पुढच्या दोन वचनांत मागणे आहे: माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे, नाहीतर मी मरून जाईन. शेवटच्या दोन वचनांत भरवसा आहे. चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये परिस्थिती बदलल्याचे कुठेही लिहिलेले नाही. शत्रू तिथेच आहे. पण हा माणूस आपले सगळे ओतून मोकळा झाला आहे, आणि आता त्याला देवाची दया आठवते आहे.

याच क्रमाने तुमची स्वतःची प्रार्थना लिहा. आधी गाऱ्हाणे, तेही नाव घेऊन, पहिल्या पायरीतला कागद समोर ठेवून. मग मागणे, तेही स्पष्ट: अमुक आजार बरा कर, अमुक माणसाचे मन वळव, मला आजची रात्र झोप दे. शेवटी देवाबद्दल जे खरे आहे असे तुम्हाला ठाऊक आहे, त्यातले एखादेच वाक्य. तिसरा भाग जमलाच नाही, तर कागद तिथेच ठेवा. स्तोत्र 88 शेवटपर्यंत अंधारातच राहते, त्यात उजेडाची ओळ नाही. तरीही ती प्रार्थनाच आहे, कारण त्या अंधारातून तो माणूस अजून देवालाच हाक मारतो आहे.

शब्द सापडत नसतील, तर शास्त्रातल्या अगदी छोट्या प्रार्थना तोंडपाठ करा. पाण्यात बुडू लागलेला शिष्य पेत्र "प्रभूजी, मला वाचवा" एवढेच ओरडला आणि येशूने लगेच हात पुढे करून त्याला धरले. थोडा विश्वास, थोडी शंका अशा अवस्थेत असलेल्या एका बापाने आपल्या आजारी मुलासाठी येशूला म्हटले की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. हे मार्क 9 मध्ये आहे. त्याचा मुलगा बरा झाला. आधी शंका संपवून ये, असे येशू त्याला म्हणाला नाही.

आणि गेथशेमाने बाग विसरू नका. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूचा जीव अतिशय खिन्न झाला होता, तो कष्टी आणि व्याकूळ झाला होता, असे शुभवर्तमाने सांगतात. हा प्याला माझ्यापासून दूर कर, असे त्याने मागितले. नंतर तो म्हणाला की माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. त्याने ही प्रार्थना तीन वेळा केली. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे वाक्य आपण फार लवकर आणि फार स्वस्तात म्हणून टाकतो. येशूने आधी आपली इच्छा पित्याला सांगितली. तुम्हीही सांगा. तुमची इच्छा दाबून टाकली म्हणजे देवाची इच्छा स्वीकारली असे होत नाही.

तिसरी पायरी: वचन धरा, पण ते कोणाला आणि कशासाठी दिले ते वाचा

भीतीच्या दिवसांत लोक तुम्हाला वचने पाठवतील. मोबाइल भरून जाईल. ते प्रेमानेच पाठवतात, त्यांचे आभार माना. पण प्रत्येक वचन त्याच्या अध्यायात जाऊन वाचायची सवय आत्ताच लावून घ्या.

यिर्मया 29:11 हे बहुतेक सगळ्यात जास्त पाठवले जाणारे वचन: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा द्यावी असे आहेत. हे यिर्मया संदेष्ट्याच्या एका पत्रातले वाक्य आहे. यरुशलेमेहून बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना ते पत्र लिहिले होते. त्याच्या आदल्याच वचनात म्हटले आहे की बाबेलात सत्तर वर्षे भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी अनेकजण परत जाण्याआधीच मरणार होते. आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो आहे की दोनच वर्षांत सगळे ठीक होईल, आणि यिर्मया त्याला खोटा ठरवतो. सत्तर वर्षांच्या त्या काळासाठी देवाने काय सांगितले? घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, ज्या नगरात राहता त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. हे सगळे वाचल्यावर अकरावे वचन लहान होत नाही, उलट त्याला खोली येते. ते 'लवकरच तुमच्या मनासारखे होईल' असे सांगत नाही. लांबलेल्या, नकोशा काळातही देवाने तुम्हाला टाकलेले नाही, असे ते सांगते.

संदर्भ सोडून वचन वापरण्याचा धोका येशूच्या परीक्षेत उघड दिसतो. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतान म्हणाला, आणि त्यासाठी त्याने स्तोत्र 91 चा आधार दिला. वचन खरेच होते. येशूने उत्तर दिले की परमेश्वराची परीक्षा पाहू नको. औषध बंद करून, कर्ज वाढवून किंवा धोका पत्करून 'आता देव वाचवेल' म्हणणे हे त्या उडीच्या जवळ जाते.

मग देवाने नक्की काय कबूल केले आहे? तो आपल्याला सोडणार नाही, टाकणार नाही (इब्री लोकांस पत्र 13:5). युगाच्या समाप्तीपर्यंत तो आपल्याबरोबर आहे (मत्तय 28:20). मरण, जीवन, वर्तमान, भविष्य, कोणतीही सृष्ट वस्तू आपल्याला ख्रिस्तातल्या देवाच्या प्रीतीपासून वेगळे करू शकणार नाही (रोमकरांस पत्र 8:38-39). पुनरुत्थान होणार आहे. एवढे पक्के आहे. हीच नोकरी मिळेल, हाच रिपोर्ट चांगला येईल, हे लग्न ठरेल, असे त्याने तुम्हाला लिहून दिलेले नाही. ते मागा, मनापासून मागा, पण त्यावर आपला सगळा भरवसा टांगू नका.

दानीएल 3 मधले शद्रख, मेशख आणि अबेदनगो हे नबुखद्नेस्सर राजासमोर उभे आहेत, मागे भट्टी पेटली आहे. ते म्हणतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि पुढे म्हणतात की त्याने सोडवले नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. ही दोन्ही वाक्ये एका दमात म्हणता येणे याला मी परिपक्व भरवसा म्हणते. पहिल्या वर्षात हे जमत नाही. आपण त्या दिशेने जातो आहोत एवढे ठाऊक असले तरी चालेल.

चौथी पायरी: आजच्यापुरते मागा

रानात इस्राएल लोकांना मान्ना (देवाने दिलेले अन्न) रोज सकाळी मिळत असे, त्या दिवसापुरता. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या (विसाव्याच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी दुप्पट मिळे आणि तो टिके. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण रोजची भाकर आजच्यासाठी मागतो, आणि मत्तय 6:34 मध्ये तो म्हणतो की ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे.

सहा महिन्यांनंतरच्या संकटाला लागणारी शक्ती तुम्हाला आज जाणवणार नाही, कारण ती आज दिलेली नाही. सकाळी उठल्यावर विचारा: संध्याकाळपर्यंत मला काय लागेल? तेवढे मागा. रात्री झोपण्याआधी, मिळाले ते सांगून आभार माना आणि उरलेले त्याच्या हातात सोडून दिवा मालवा. पहाटे तीनला जाग आली आणि उद्याचा हिशोब सुरू झाला, तर त्या वेळी कोणताही निर्णय घेऊ नका. स्तोत्र 23 हळूहळू म्हणा. सुरुवातीला देवाविषयी बोलणारे ते स्तोत्र मृत्युछायेच्या दरीत पोचल्यावर देवाशीच बोलू लागते: तू माझ्याबरोबर आहेस.

पाचवी पायरी: हातात आहे ते काम करा

भरवसा ठेवणे म्हणजे हात बांधून बसणे, असे समजणारे पुष्कळ आहेत. त्यांनी प्रेषितांची कृत्ये 27 वा अध्याय पुरा वाचावा. कैदी म्हणून रोमला नेल्या जाणाऱ्या पौलाचे जहाज वादळात सापडते. जहाजावर 276 माणसे आहेत. कित्येक दिवस सूर्य दिसत नाही, तारे दिसत नाहीत, आणि हे पुस्तक लिहिणारा लूक म्हणतो की वाचण्याची आशाच उरली नाही. अशा वेळी देवाचा दूत पौलाला सांगतो की तुमच्यातल्या कोणाचाही जीव जाणार नाही. यापेक्षा स्पष्ट वचन कोणते? तरी खलाशी जहाजावरची होडी समुद्रात उतरवून पळू पाहतात तेव्हा पौल शताधिपतीला बजावतो की हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. चौदा दिवस लोक धड जेवलेले नाहीत, म्हणून तो त्यांना खायला सांगतो, स्वतः भाकर घेऊन सर्वांसमोर देवाचे आभार मानतो आणि खायला लागतो. मग त्यांनाही धीर येतो. शेवटी जहाज फुटते. कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, पण सगळे किनाऱ्याला लागतात.

देवाचे वचन आणि माणसाचे काम यांची ओढाताण त्या अध्यायात कुठेच नाही. शिवाय जहाज वाचलेच नाही. आपण पुष्कळदा जहाजासाठीच प्रार्थना करत असतो.

म्हणून डॉक्टरकडे जा आणि दिलेली औषधे घ्या. अर्ज भरा. ज्याचे पैसे द्यायचे आहेत त्याला टाळू नका, जाऊन बोला. यरुशलेमेचा तट बांधणाऱ्या नहेम्याने वैऱ्यांच्या धमक्या आल्यावर प्रार्थना केली आणि त्याच वेळी रात्रंदिवस पहाराही बसवला. आणि शरीराकडे लक्ष द्या. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळाल्यावर लगेच एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि मला मरण दे म्हणाला. देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने त्याला दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिले, मध्ये त्याला झोपू दिले. बोलणे झाले ते पुढे, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. उपाशी आणि जागरणाने थकलेला माणूस आपल्या विश्वासाची तपासणी करायला बसला तर निकाल वाईटच लागणार.

निर्णय घ्यायचा असेल तर? नवीन माणसे खूण मागतात: अमुक फोन आला तर होकार, नाहीतर नकार. गिदोनाच्या लोकरीचे उदाहरण देतात: त्याने रात्री लोकर बाहेर ठेवून, ती भिजते की कोरडी राहते यावरून देवाकडे खूण मागितली होती. गिदोनाला काय करायचे ते देवाने आधीच स्पष्ट सांगितले होते, लोकर त्याच्या डळमळीत मनासाठी होती, आणि देवाने ती त्याच्यावर दया म्हणून चालवून घेतली. तो नियम नाही. साधी रीत अशी: जे पाप आहे ते आधी बाजूला काढा, शास्त्र वाचा, तुम्हाला ओळखणाऱ्या दोन-तीन अनुभवी विश्वासणाऱ्यांना विचारा, माहिती गोळा करा, प्रार्थना करा आणि मग निर्णय घ्या. याकोब आपल्या पत्रात सांगतो की पुढचे बेत करताना 'प्रभूची इच्छा असेल तर' असे म्हणा. म्हणजे बेत करायला त्याची ना नाही. एखादा निर्णय पुढे चुकीचा ठरला तर देवाचा हात सुटतो, अशी भीती बाळगू नका.

सहावी पायरी: एकट्याने लढू नका

गेथशेमानेत येशूने तीन मित्रांना जवळ बोलावून म्हटले, माझ्याबरोबर जागे राहा. देवाच्या पुत्राने हे मागितले, तर आपल्याला मागायला लाज का वाटावी? मार्क 2 मधल्या पक्षाघाती माणसाला चार जणांनी छप्पर उकलून खाली सोडले, आणि येशूने "त्यांचा विश्वास" पाहिला असे लिहिले आहे. काही दिवस आपल्याला स्वतःला विश्वास ठेवताच येत नाही. तेव्हा दुसऱ्यांनी आपल्यासाठी ठेवलेला विश्वास आपल्याला उचलून नेतो.

मंडळीतल्या एका विश्वासू माणसाला गाठा, पाळकांना किंवा धर्मगुरूंना भेटा. "माझ्यासाठी प्रार्थना करा" एवढे मोघम न म्हणता नेमके सांगा: गुरुवारी तपासणी आहे, त्या सकाळी मला फोन कराल का? माणसांना मदत करायची असते, काय करावे ते कळत नसते. उपासनेला जाणे सोडू नका. गायला जमले नाही तर इतरांचे गाणे ऐकत बसा, प्रभुभोजन घ्या.

कोणापासून जपायचे तेही सांगते. सगळे काही गमावलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री गप्प त्याच्याजवळ जमिनीवर बसले. तेवढे त्यांनी उत्तम केले. तोंड उघडल्यावर ते म्हणू लागले की तुझे काही पाप असणार, आणि शेवटी देव त्यांच्यावर रागावला. तुमच्या संकटाचे कारण तुमचे गुप्त पाप किंवा कमी विश्वास आहे असे छातीठोक सांगणारा, खास प्रार्थनेसाठी पैसे मागणारा, देवाच्या नावाने तारीख देणारा, या तिघांपासून दूर राहा.

आणि भीती जर आठवडेच्या आठवडे उतरत नसेल, छाती धडधडून श्वास कोंडत असेल, खाणेपिणे, काम, झोप सगळे बंद पडत चालले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगू नये असे विचार येत असतील तर आजच, आत्ताच जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरकडे जा. यात विश्वासाचा कमीपणा नाही. लंडनचे प्रसिद्ध उपदेशक चार्ल्स स्पर्जन 22 वर्षांचे असताना, 1856 मध्ये, त्यांच्या उपासनेत कोणीतरी आग लागल्याची खोटी ओरड केली आणि चेंगराचेंगरीत सात माणसे गेली. त्या धक्क्याने ते कोसळले, आणि पुढे आयुष्यभर त्यांना खोल निराशेचे झटके येत राहिले. त्यांनी ते लपवले नाही, उलट तरुण पाळकांना त्याविषयी मोकळेपणी सांगितले. इंग्रज कवी विल्यम कूपर यांची गोष्ट याहून अवघड आहे. आजही गायली जाणारी भक्तिगीते लिहिणाऱ्या या माणसाला 1773 मध्ये तीव्र मानसिक आजाराने घेरले आणि देवाने आपल्याला टाकले अशी त्यांची समजूत झाली. ती 1800 मध्ये मृत्यू येईपर्यंत पुरती कधीच गेली नाही. त्यांचे पाळक आणि मित्र जॉन न्यूटन यांनी त्या काळात त्यांना कित्येक महिने आपल्या घरी ठेवून सांभाळले. न्यूटन त्यांची समजूत बदलू शकले नाहीत, पण त्यांनी मित्राला सोडले नाही. मंडळीने असे वागावे, असे मला मनापासून वाटते.

सातवी पायरी: घडलेले लिहून ठेवा

यार्देन नदी ओलांडल्यावर देवाने यहोशवाला नदीच्या पात्रातले बारा दगड उचलून रचायला सांगितले, म्हणजे पुढे मुले विचारतील तेव्हा त्यांना सांगता येईल. भीती आपली स्मरणशक्ती खाते. एक वही ठेवा. काय मागितले, कधी मागितले, काय झाले. जे झाले नाही तेही लिहा, खाडाखोड न करता. वर्षभराने ती वही उघडून पाहा. जे उत्तर आलेच नाही असे वाटत होते, त्यातले काही वेगळ्याच रूपात आलेले सापडेल. काही तसेच रिकामे राहिलेले असेल.

उत्तर येत नाही तेव्हा

या रिकाम्या जागांसाठी माझ्याकडे पायरी नाही, पण शास्त्रात सोबत आहे. शरीरातला काटा (पौल आपल्याला छळणाऱ्या एका त्रासाला असे म्हणतो) देवाने काढून टाकावा म्हणून पौलाने तीन वेळा विनंती केली. काटा गेला नाही. त्याला कळवले गेले ते एवढेच की माझी कृपा तुला पुरे आहे. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने सिंहांची तोंडे बंद करणारे आणि तलवारीच्या धारेपासून वाचलेले लोक आहेत, आणि काही ओळींनंतर विश्वासानेच तलवारीने मेलेले लोक आहेत. दोघांची नावनिशी एकाच यादीत. एकांचा विश्वास जास्त आणि दुसऱ्यांचा कमी असे तिथे कुठेही म्हटलेले नाही.

'हे का?' याचे उत्तर मला देता येत नाही, आणि जे पटकन देतात त्यांच्यावर माझा फारसा विश्वास बसत नाही. पण ज्या देवावर भरवसा ठेवायला मी तुम्हाला सांगते आहे, त्याने दूर बसून हे सांगितलेले नाही. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी, त्याला आपण उठवणार हे ठाऊक असताना, येशू रडला. क्रूसावर त्याने स्तोत्र 22 चे शब्द ओरडून म्हटले: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? तो प्रश्न त्याने स्वतःच्या ओठांवर घेतला आहे. तुम्ही तो विचारलात तर तुम्ही त्याच्यापासून दूर गेलात असे होत नाही.

सुरुवातीचे सात दिवस काय वाचावे

रोज एकच भाग घ्या, दोनदा वाचा, त्यातले एक वाक्य दिवसभर बरोबर ठेवा. पहिल्या दिवशी स्तोत्र 13, आणि त्याच दिवशी स्वतःची प्रार्थना लिहा. दुसऱ्या दिवशी मार्क 4:35-41. तिथे शिष्य येशूला झोपेतून उठवून रागानेच विचारतात की आपण बुडतो याची तुम्हाला पर्वा नाही का, आणि तो उठतो. तिसऱ्या दिवशी मत्तय 6:25-34. चौथ्या दिवशी 1 राजे 19, आणि त्या रात्री लवकर झोपा. पाचव्या दिवशी प्रेषितांची कृत्ये 27. सहाव्या दिवशी स्तोत्र 42 आणि 43 एकत्र. त्यात हा माणूस स्वतःच्या जिवालाच तीन वेळा विचारतो की तू का खिन्न झालास, आणि त्याला देवाची आशा धरायला सांगतो. सातव्या दिवशी रोमकरांस पत्र 8:26-39, शक्य असेल तर एकट्याने नको, कोणाबरोबर तरी बसून, मोठ्याने. त्याची सुरुवात वाचताना घाई करू नका: कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः, शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने, आपल्यासाठी विनंती करतो.